रूथ ब्राउन ऐकायची, तर ‘सो लाँग’पासून

धरमपेठेत आमच्याकडे जुनी गाणी ऐकायला जमणाऱ्या मंडळींपैकी एका मैत्रिणीने विचारले, की रूथ ब्राउन या अमेरिकन गायिकेचे कोणते गाणे आधी ऐकावे. ऱ्हिदम अँड ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या ठेकेदार संगीताचे जाणकार बहुधा १९५३ चे ‘मामा, ही ट्रीट्स युअर डॉटर मीन’ सुचवतील. मी मात्र १९४९ चे ‘सो लाँग’ सुचवले.

व्हर्जिनियातील पोर्ट्समथ येथे १९२८ साली जन्मलेली रूथ १९४८ मध्ये न्यूयॉर्ककडे जात असताना मोटार अपघातात गंभीर जखमी झाली आणि अटलांटिक या तेव्हा अगदी नव्या ध्वनिमुद्रिका कंपनीशी तिने रुग्णालयातूनच करार केला. ‘सो लाँग’ हे तिचे पहिले गाजलेले ध्वनिमुद्रण. संथ लयीतल्या या निरोपाच्या गाण्यात ती स्वर लांबवते, पण भावना ताणत नाही, आणि तिचा मूळ पिंड अशा संथ गाण्यांचा होता हे येथेच कळते.

हे कानात ठेवून १९५० चे, रूडी टूम्सने लिहिलेले ‘टिअरड्रॉप्स फ्रॉम माय आइज’ ऐकावे. लय उसळती आहे, शब्द अश्रूंचे आहेत, आणि ओळ संपता संपता तिचा आवाज क्षणभर चिरकून वर जातो. हे चिरकणे म्हणजे गळ्याचा दोष नव्हे. नेमक्या अक्षरावर ठेवलेला तो अलंकार आहे, असे माझे ठाम मत आहे. त्या गाण्याने ऱ्हिदम अँड ब्लूजच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ११ आठवडे पहिले स्थान राखले. १९५२ चे ‘फाइव्ह-टेन-फिफ्टीन अवर्स’ही पहिल्या क्रमांकावर पोहोचले, परंतु मला ते त्या मानाने साधे वाटते.

‘मामा’ची गोष्ट वेगळी. त्यातील टॅम्बुरीनचा ठेका तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांवर पोसलेल्या आपल्या वैदर्भीय कानाला लगेच धरतो, आणि त्या ठेक्यावर ‘मामा’ ही आईला घातलेली हाक प्रत्येक वेळी निराळ्या वजनाने येते. तक्रार तीच राहते. चिडणे, विनवणे आणि थकणे मात्र एकाच आवाजात ऐकू येते. आधी ‘सो लाँग’ ऐकले असेल, तर या जलद गाण्यातला तो थकवा कानातून निसटत नाही.

तिच्या गाण्यांच्या यशामुळे अटलांटिकला ‘रूथने बांधलेले घर’ म्हणत असत. तरीही पुढे तिला मोलकरणीचे काम करावे लागले, आणि मानधनाच्या हक्कासाठी तिने दीर्घ लढा दिला. त्यातूनच १९८८ मध्ये जुन्या कलावंतांच्या मदतीसाठी ऱ्हिदम अँड ब्लूज फाउंडेशन उभे राहिले.