हमीपत्र

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

आईच्या ग्रीन कार्डाचं हमीपत्र भरायला बसले ती आत्ता उठले. पगाराच्या स्लिपा, टॅक्सचे कागद, घरात खाणारी तोंडं किती, सगळं लिहून द्यायचं. उद्या आईचा भार सरकारवर पडला तर तो मी उचलीन, असं सही करून कबूल करायचं. हात जरा थबकलाच.

मध्येच कार्ल लेमली आठवला. युनिव्हर्सल स्टुडिओ काढणारा.

दक्षिण जर्मनीतल्या लाउपहाइमचा ज्यू पोरगा. आई १८८३ मध्ये गेली आणि पुढच्याच वर्षी हा १७ व्या वर्षी बोटीने अमेरिकेत. इथे कारकुनी केली, मग विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशला कपड्याच्या दुकानात कितीतरी वर्षं काढली. चाळिशीला टेकल्यावर, १९०६ मध्ये, शिकागोत पाच सेंटांचं सिनेमा थिएटर थाटलं. दुसऱ्यांच्या थिएटरबाहेर उभं राहून माणसं मोजली आणि मगच पैसे घातले म्हणतात. दुकानदारच तो!

तेव्हा धंद्यावर एडिसनच्या पेटंट ट्रस्टची, म्हणजे सिनेमाच्या यंत्रांची पेटंटं हातात असलेल्या कंपन्यांच्या गटाची, पकड होती. प्रत्येक प्रोजेक्टरमागे आठवड्याला दोन डॉलर टाका, नाहीतर फिल्म मिळणार नाही. लेमलीने १९०९ मध्ये पैसे द्यायला साफ नकार दिला आणि स्वतःच चित्रपट काढायला लागला. खटल्यांवर खटले अंगावर घेतले. १९१५ मध्ये कोर्टाने ट्रस्टलाच बेकायदा ठरवलं. गंमत म्हणजे, मी हे लिहितेय ते न्यू जर्सीतल्या त्याच एडिसनचं नाव दिलेल्या गावात बसून. इथे कोपऱ्यावर वडापाव मिळतो.

१९१२ मध्ये युनिव्हर्सल, १९१५ मध्ये कॅलिफोर्नियात युनिव्हर्सल सिटी. पंचवीस सेंट दिले की कुणीही आत येऊन शूटिंग बघावं. पगारपत्रकावर नातेवाइकांचा एवढा गोतावळा की सगळं हॉलिवूड त्याला 'अंकल कार्ल' म्हणायचं आणि मागे हसायचं. मीही पूर्वी हसले असते. घराणेशाहीच ती.

पण १९३० मध्ये त्याच्या स्टुडिओचा 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' हा युद्धविरोधी सिनेमा बर्लिनला लागला, तेव्हा गोबेल्सच्या टोळक्याने थिएटरात पांढरे उंदीर सोडले, दुर्गंधीचे बॉम्ब फोडले. काही दिवसांतच जर्मनीत सिनेमावर बंदी. लाउपहाइमने एका रस्त्याला त्याचं नाव दिलं होतं. नाझी आले तशी ती पाटी उतरली.

१९३६ मध्ये कर्जापायी स्टुडिओ गेला. घरी बसायचं वय. तर हा गावाकडच्या ज्यूंसाठी हमीपत्रांवर सह्या करत बसला. नातेवाईक, शेजारी, कधी तोंडही न पाहिलेली माणसं. तीनशेच्या वर लोक त्यातून सुटले. शेवटी श्टुटगार्टची अमेरिकन वकिलात त्याची हमी घ्यायला कां कूं करू लागली. वय सत्तरीपुढचं, आणि आधीच इतक्यांची हमी घेतलेली! त्याने थेट परराष्ट्रमंत्र्यांना पत्र लिहिलं. सप्टेंबर १९३९ मध्ये गेला. युद्ध सुरू होऊन महिनाही झाला नव्हता.

माझ्या फॉर्मवर एक रकाना आहे : याआधी किती जणांची हमी घेतली आहे?

शून्य लिहिलं. आईला फोन करून पासपोर्टचा नंबर पुन्हा एकदा वाचून घेतला. तिकडे सकाळ झाली होती, ती म्हणाली, "अगं, जेवलीस का?"