तुम्ही विचारलंत म्हणून: रत्नागिरीत राहून समुद्रावर कविता का नाही?

कुठेही कविता वाचायला जा, कार्यक्रम संपला की चहाच्या टेबलापाशी कोणीतरी गाठतंच. तुम्ही रत्नागिरीच्या ना, मग समुद्रावर एकही कविता कशी नाही? विचारणारा बहुतेक वेळा घाटावरचा असतो आणि त्याच्या चेहऱ्यावर अशी हळहळ असते की जणू घरात हापूसची बाग असून मी बाजारचा आंबा खातेय. एका निवेदकाने तर माझी ओळखच 'सागरकन्या' अशी करून दिली होती, मी त्यानंतर स्टेजवर जाऊन रेशनच्या रांगेची कविता वाचली, बिचाऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

तर उत्तर. समुद्र बघायला आम्ही पाहुणे आले की जातो. मांडवीच्या जेट्टीवर उभं राहायचं, भेळ खायची, काळी वाळू दाखवायची, मग पलीकडचा पांढऱ्या वाळूचा 'पांढरा समुद्र' दाखवायचा, हे सगळं पाहुण्यांसाठी. एरवी समुद्र घरातच असतो, खाऱ्या हवेतून. गॅलरीच्या ग्रिलला दर दोन पावसाळ्यांनी रंग काढावा लागतो, फ्रीज खालून गंजतो, नवऱ्याच्या बाईकचा सायलेन्सर आधी जातो आणि मग बाईक, पापडाचा डबा एकदा उघडा राहिला की संपलं. सोलापूरला बहिणीकडे गेले की तिच्या घरातलं लोखंड बघून मला खरंच हेवा वाटतो. या गंजावर माझ्या चार-पाच कविता आहेत, पण त्यात 'लाट' हा शब्द नाही म्हणून त्या समुद्राच्या धरत नाहीत कोणी.

आमच्या घरात समुद्राचं खातं सासूबाईंकडे आहे. त्या कॅलेंडरकडे बघतात, तिथीची पाऊणपट करतात आणि भरतीची वेळ सांगतात. म्हणजे नवमी असेल तर नऊची पाऊणपट पावणेसात, पावणेसातच्या सुमाराला पूर्ण भरती, सकाळी आणि संध्याकाळी. पौर्णिमा उलटली की पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. रोज साधारण पाऊण तास पुढे. थोडं इकडंतिकडं होतं पण मोबाईलवरच्या तक्त्याशी ताडून बघितलंय मी, फार चुकत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, मग पाणी फार चढतही नाही आणि फार ओसरतही नाही. त्यांचे वडील होडीवर जायचे, तिथून आलंय हे गणित. आता घरात होडी नाही, होडीवर जाणारं कोणी नाही, तरी बाई सकाळी दात घासताना सांगणार, "अगो, आज सहाला भरती." कोणासाठी सांगतात? मला विचाराल तर कविता म्हणजे साधारण हेच, पण हे त्यांना सांगितलं तर म्हणतील, कामं नाहीत वाटतं आज.

त्या माझ्या पहिल्या समीक्षक. नवीन कविता वाचून दाखवली की थोडं थांबतात आणि विचारतात, "मग पुढे काय झालं?" सुरुवातीला राग यायचा. हल्ली ज्या कवितेनंतर त्या काहीच विचारत नाहीत ती मी ठेवते, बाकीच्या परत खणात. मासिकांच्या संपादकांपेक्षा हा निकष जास्त बरा निघालाय (संपादकांनी मनाला लावून घेऊ नये, तुम्ही निदान उत्तर तरी पाठवता).

लिहिणं होतं ते बहुतेक मिरकरवाड्यात, इथल्या मासळीच्या बंदरावर. लिहायला जात नाही, मासळीला जाते. होड्या यायची वाट बघत उभं राहावं लागतं आणि त्या वेळात फोनमध्ये ओळी टाईप होतात, एका हातात पिशवी, मागून कोणीतरी ओरडतंय बाजू व्हा, बर्फाची गाडी आलीय. बांगड्याचा वाटा कितीला, यावरून घासाघीस चाललेली असते आणि तिथल्या बायका जे बोलतात त्याला जी लय असते ती मला वृत्तात बसवून कधी जमली नाही. जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हा खाडीचं काही मिळालं तर मिळालं, नाहीतर सुकट आणि सुके बोंबील, आणि काय योगायोग बघा, त्या दोन महिन्यांत माझं लिहिणंही जवळजवळ बंद असतं. मुलगी पुण्याहून फोन करून आधी विचारते तिरफळं घातलेला बांगडा केलास का, आणि मग, नवीन काही लिहिलंस का. क्रम बरोबर आहे तिचा.

आता थिबा. रत्नागिरीत कविता करणाऱ्या माणसाला थिबा राजा चुकत नाही. ब्रह्मदेशचा राजा, 1885 साली इंग्रजांनी राज्य घेऊन हद्दपार केला, पुढच्या वर्षी इथे आणून ठेवला, 1910 च्या सुमाराला त्याच्यासाठी राजवाडा बांधून झाला आणि 1916 मध्ये तो इथेच गेला. टेकडीवरून समुद्र बघत बसलेला राजा, कवीला आणखी काय पाहिजे, आयती कविता. मीही कॉलेजात असताना लिहिलीय, बक्षीसही मिळालं होतं. पण राजाची नात टुटू, थोरल्या राजकन्येची मुलगी, ती याच गावात वाढली, मराठी बोलायची, इथल्याच माणसाशी लग्न करून इथेच गरिबीत संसार केला, कागदाची फुलं करून विकायची म्हणतात, आणि 2000 साली इथेच वारली. समुद्राकडे टक लावून बसायला तिला वेळ कधी मिळाला असेल? कित्येक वर्षं मी तिच्यावर लिहायचा प्रयत्न करतेय, होत नाही, प्रत्येक वेळी आजोबा मध्ये येऊन बसतो, मोठा दुःखी चेहरा करून. त्याला कवितेतून उठवायचं कसं हे कळलं की ती कविता पूर्ण होईल.

आणि कोणी म्हणालं की समुद्रामुळेच कवी घडतात, तर केशवसुत जन्मले 1866 साली मालगुंडला, समुद्राच्या कुशीत, स्मारकही आहे तिथे, जरूर बघा. पण मोठेपणी मास्तरकी करत खानदेशात फैजपूरला, मग धारवाडला राहिले आणि 1905 मध्ये हुबळीला प्लेगने गेले. पोट भरायला समुद्र सोडूनच जावं लागलं की त्यांना.

पुढच्या महिन्यात एका संमेलनाचं बोलावणं आलंय, विषय दिलाय 'सागर आणि मी'. येते म्हणून कळवलंय, मानधन आणि जाण्यायेण्याचा खर्च देतायत. ग्रिलला रंग काढायच्या कवितेचं शीर्षक तेवढं बदलीन म्हणते.