शेतीपंपाच्या इंजिनापासून जनरेटरपर्यंत : आमची वाटचाल

कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडिलांनी एका लेथवर ऑइल इंजिनांचे सुटे भाग करायला सुरुवात केली. तेव्हा नदीकाठी उसाच्या पाण्यासाठी इंजिनं धडधडत असायची, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. पुढे शेतीपंपांना वीज मिळाली, इंजिनांची मागणी ओसरली आणि आम्ही जनरेटरकडे वळलो. भारनियमनाच्या दिवसांत दवाखाना, मंगल कार्यालय, झेरॉक्सचं दुकान, सगळ्यांनाच जनरेटर हवा होता. आज आम्ही एक आणि दोन सिलिंडरची, 19 किलोवॉटच्या आतली इंजिनं बनवतो.

एप्रिल 2014 मध्ये जनरेटरच्या धुरासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं सीपीसीबी-2 हे मानक लागू झालं, ते बऱ्यापैकी पेललं. कस लागला तो 1 जुलै 2023 पासूनच्या सीपीसीबी-4 प्लसला. 8 ते 19 किलोवॉटच्या इंजिनांना नायट्रोजन ऑक्साइड आणि हायड्रोकार्बन मिळून दर किलोवॉट-तासाला 7.5 ग्रॅमची मुभा होती, ती 4.7 वर आली. काजळीची मर्यादा 0.3 ग्रॅमच राहिली. ऐकायला हे सोपं वाटतं, पण इंधन उशिरा फवारलं की ज्वालेचं तापमान उतरतं, नायट्रोजन ऑक्साइड घटतं आणि त्याच वेळी धूर व डिझेलचा खप वाढतो. एक आवरावं तर दुसरं सुटतं.

मोठ्या इंजिनांना कॉमन रेल (जास्त दाबाची इलेक्ट्रॉनिक इंधनफवारणी), काजळीचा फिल्टर, नायट्रोजन ऑक्साइड मारायला युरियाची टाकी परवडते. पंधरा केव्हीएच्या गिऱ्हाईकाच्या माथी तो खर्च मारायचा नाही, हे आम्ही आधीच ठरवलं होतं. म्हणून जे काही करायचं ते सिलिंडरच्या आतच. डिझेल फवारणाऱ्या नोझलची भोकं बारीक केली, फवाऱ्याचा दाब वाढवला, नोझलच्या टोकाशी डिझेल साठणारी जागा कमी केली. पिस्टनची वरची रिंग आणखी वर घेतली, कारण तिच्या वरच्या फटीत अडकलेलं इंधन न जळताच बाहेर पडतं. लायनरचं, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीचं, होनिंग (आतून बारीक घासणं) सुधारलं. छोट्या इंजिनाच्या काजळीत वंगणतेलाचा वाटा मोठा असतो, याकडे फार थोडे लक्ष देतात.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला बंपिंग क्लिअरन्सने, म्हणजे पिस्टन पूर्ण वर आल्यावर त्याच्या आणि हेडच्या मधे उरणाऱ्या फटीने. पिस्टनवर शिशाची तार ठेवायची, हेड आवळायचं, क्रँक हाताने फिरवायचा आणि चेपलेली तार मायक्रोमीटरखाली धरायची. जुन्या इंजिनांत एक दशांश मिलिमीटर इकडे-तिकडे झालं तरी चालून जायचं. आता प्रत्येक इंजिनाची तार मोजूनच गॅस्केटची जाडी ठरते. आमचे जुने फिटर हे काम दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

यावर नायट्रोजन ऑक्साइड घटवायला ईजीआर, म्हणजे थोडा धूर एका झडपेतून पुन्हा सिलिंडरमध्ये फिरवणं. एकदम लोड पडला की झडप मिटली पाहिजे, नाहीतर काळा लोट उठतो. ती झडप गव्हर्नरशी, म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेशी, जुळवण्यात कित्येक महिने गेले. 2020 पासून देशभर 10 पीपीएम गंधकाचं डिझेल मिळतं, म्हणून ईजीआरच्या नळ्या टिकतात. पूर्वीच्या डिझेलवर त्या आम्लाने खाऊन गेल्या असत्या.

प्रमाणपत्रासाठी इंजिन टेम्पोत घालून पुण्याला वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत न्यायचं. तिथे पाच लोडवर मोजमाप होतं. अंतिम आकड्यात पूर्ण लोडच्या मोजमापाचा वाटा फक्त 5 टक्के, तर निम्म्या आणि पाव लोडचा प्रत्येकी 30 टक्के. मला ही पद्धत मनापासून पटते. मंडपातला जनरेटर बहुतेक वेळ निम्म्याहून कमी लोडवरच चालतो आणि शेजारच्यांच्या नाकात जातो तो धूर त्या वेळचाच असतो.

आता रोज फोन येतात : जुन्या इंजिनाला हेच नोझल आणि ईजीआर बसवून नवं प्रमाणपत्र मिळेल का? मिळत नाही, मान्यता त्या मॉडेलच्या नव्या इंजिनालाच असते. वापरातल्या जनरेटरला जोडायच्या उपकरणांची वेगळी चाचणी आहे, त्यांनी किमान 70 टक्के काजळी अडवावी लागते. ती उपकरणं आम्ही बनवत नाही. जुनं इंजिन आणलंत तर नोझल तपासून, डिझेलचा पंप कॅलिब्रेट करून, लायनर-रिंग बदलून देऊ. धूर कमी झालेला डोळ्यांनाही जाणवतो, डिझेलही वाचतं. बिलावर मात्र सीपीसीबी-4 प्लस असं लिहून मिळणार नाही.