अपोमॅटॉक्सला जाताय? नकाशावर विसंबू नका, रस्त्याकडेने चालू नका

अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेचं सैन्य शरण आलं ते जुनं गाव पाहायला व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंडहून सकाळी निघालो. फोनच्या नकाशाने आम्हाला 'अपोमॅटॉक्स कोर्ट हाउस' म्हणून गावातल्या चालू न्यायालयाच्या दारात नेऊन सोडलं. तासभर फुकट गेला. तुम्ही तिथे उतरूच नका. व्हर्जिनियात पूर्वी जिल्ह्याच्या ठाण्याच्या गावालाच 'कोर्ट हाउस' म्हणत. जुनं न्यायालय १८९२ मध्ये जळालं आणि कारभार रेल्वे स्टेशनजवळच्या वस्तीत हलला. दक्षिणेचा सेनापती जनरल ली उत्तरेच्या जनरल ग्रँटला शरण आला ते जुनं गाव तिथून साधारण तीन मैलांवर, २४ नंबरच्या रस्त्यावर आहे. आता ते राष्ट्रीय उद्यान आहे आणि प्रवेश मोफत आहे.

आणखी एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. ९ एप्रिल १८६५ ला ली आणि ग्रँट भेटले ते न्यायालयात नव्हे, मॅक्लीन नावाच्या गावकऱ्याच्या घरात. पण आज दिसतं ते घर मूळचं नाही. वॉशिंग्टनला नेऊन संग्रहालय करायचं म्हणून १८९३ मध्ये ते उतरवलं, पैसे संपले आणि विटा-लाकूड तिथेच पडून राहिलं. आताचं घर त्याच जागी पुन्हा बांधलेलं असून १९४९ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. हे कळल्यावर मला फसवल्यासारखं वाटलं. मूळ वास्तू पाहायची असेल तर १८१९ ची क्लोव्हर हिल टॅव्हर्न, म्हणजे प्रवाशांची खानावळ, पाहा. शरण आलेल्या सैनिकांना घरी जाण्याचे परवाने तिथेच छापले गेले, अठ्ठावीस हजारांहून जास्त.

तरीही मॅक्लीनच्या घरातल्या बैठकीच्या खोलीत वेळ काढाच. लीने विनंती केली की त्याच्या सैनिकांपैकी ज्यांचे घोडे स्वतःचे आहेत त्यांना ते नेऊ द्यावेत, आणि ग्रँटने ते मान्य केलं, कारण घरी जाऊन पेरणी करायची होती. चार वर्षं एकमेकांना मारणाऱ्यांच्या बोलण्यात शेवटी पेरणीचा विषय निघाला, हे वाचून मी बराच वेळ तिथेच उभा राहिलो. घरामागे गुलामांच्या खोल्याही पुन्हा बांधल्या आहेत. त्या न पाहता परत फिरू नका. लढाई कशासाठी होती ते तिथे समजतं.

आता खरा त्रास. लीच्या तळाची खूण पाहायला आम्ही २४ नंबरच्या रस्त्याच्या कडेने चालत निघालो, कारण कोणीतरी "जवळच आहे" म्हणालं होतं. अजिबात जाऊ नका! गाड्या सुसाट जातात, चालायला पट्टा नाही, ट्रक आला की गवतात उतरावं लागतं. त्या गवतातून मुलाच्या पोटरीवर दोन गोचिड्या चढल्या. दुपारचं ऊन, सावली नाही, पाणी संपलेलं. नदीजवळच्या फळबागेत ली ग्रँटच्या उत्तराची वाट पाहत थांबला होता. शरणागती सफरचंदाच्या झाडाखालीच झाली अशी अफवा पसरली आणि सैनिकांनी आठवण म्हणून ते झाड तोडून तुकडे नेले. त्या जागेपाशी पोचलो तेव्हा माझ्यात उभं राहण्याचंही त्राण नव्हतं.

तळाकडे गाडीनेच जा. खुणेच्या जवळच ती लावता येते, पुढे झाडीतून थोडी पायवाट आहे. पायी जायचंच असेल तर उद्यानाच्या पायवाटेने, लांब पँट आणि मोजे घालून. घरी आल्यावर मुलांचे पाय आणि केस नीट तपासा. आम्हाला तिसरी गोचिडी रात्री सापडली.