तिकीट अजून का काढलं नाही

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते, एकदाच आणि सगळं. मला स्कूबा शिकायचंय, म्हणजे हवेची टाकी पाठीवर घेऊन समुद्रात खाली उतरायला, आणि कुठे-कधी जायचं याच्या नोंदी मी एका वहीत करते. मला दोन प्रश्न येतात, पुष्कळदा एकाच बाईकडून आणि एकाच बैठकीत. पहिला, "काय वं, दीड वर्ष झालं वही भरून राहिली, अंदमानचं तिकीट काहून नाही काढत?" आणि दुसरा जरा आवाज उतरवून, "भावाचं तसं झाल्यावर परत त्या पाण्यात जायचंच काहून?" स्टाफरूममध्ये येतात, लग्नाच्या पंगतीत येतात, सकाळच्या लेडीज बॅचला पूलवर येतात. वर ते ठरलेलं, की नागपुरात समुद्र कुठे आहे.

समुद्र नाही म्हणूनच तर वही आहे. मालवणचा पोरगा सकाळी दारात उभा राहून पाण्याचा रंग बघतो आणि सांगतो आज जायचं की नाही. मला ते इथे बसून, दोन-तीन महिने आधी, रजेचा अर्ज टाकताना ठरवायचं असतं. आणि इतक्या लांबून गेलेला माणूस समुद्र खराब असला तरी म्हणतो, आलोच आहोत तर उतरून घेऊ. हे वाक्य मी स्वतः म्हटलेलं आहे.

रजेचंच घ्या. मी शाळेत शिकवते, मला सुट्टी दिवाळीत आणि मे महिन्यात. दिवाळीच्या सुमारास अंदमानला ईशान्य मान्सूनचा पाऊस आणि बंगालच्या उपसागरातल्या वादळांचे दिवस, आणि मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नैऋत्य मान्सून आपल्या सगळ्यांच्या आधी तिथेच पोचतो. चांगलं, शांत पाणी साधारण जानेवारी ते एप्रिल, म्हणजे नेमके प्रॅक्टिकल्स, परीक्षा आणि पेपर तपासणी. मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेट बघितलं, तेही डिसेंबर-जानेवारीत चांगलं. विजयदुर्गच्या पश्चिमेला १०० किलोमीटरच्या वर आत समुद्रात आंग्रिया बँक आहे, आपल्या महाराष्ट्राच्या बाजूचं प्रवाळ, मनात फार होतं, पण त्याचा माथाच २० मीटरच्या आसपास आणि ओपन वॉटर, म्हणजे स्कूबाचा पहिला कोर्स केलेल्याला मर्यादा १८ मीटरची, म्हणजे तो विषय माझ्यापुरता संपला. अंदमानातल्या हॅवलॉक बेटावरच्या (आता स्वराज द्वीप) जॉनीज गॉर्ज, डिक्सन्स पिनॅकल या डाइव्हच्या जागांचे फोटो सगळे पाठवतात, पण त्या जागा खोल आहेत, प्रवाह असतो, नवशिक्यानं पहिल्या दिवशी मागायची नाही. नेमो रीफ उथळ आहे, किनाऱ्यावरून चालत उतरता येतं, माझ्या वहीत ते पहिलं आहे. तिथलं कुणाला कौतुक वाटत नाही, फोटोला काही नाही म्हणे.

आता भावाचं. मालवणला पाण्यात त्याच्या कानाला जे झालं ते तुम्हाला माहीत आहे, पण कसं झालं ते मी घरातसुद्धा पूर्ण सांगितलेलं नाही.

चार वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही महाराष्ट्र एक्स्प्रेसनं कोल्हापूर आणि तिथून गाडी करून मालवणला गेलो. स्कूबाचं मीच ठरवलं होतं. सगळ्यांचे पैसे मीच भरले होते, फोनवर, कुठल्या तरी ओळखीतून मिळालेल्या नंबरवर. कुणाला काही विचारलं नाही, की फॉर्म असतो का, सोबत पाण्यात कोण असतं, किती खाली नेतात. आम्ही पोचलो ती पौर्णिमा. रात्री किनाऱ्यावर चांदणं बघत बसलो होतो आणि मी, वर्गात दरवर्षी उधाणाची भरती आणि भांगाची भरती शिकवणारी, फळ्यावर सूर्य-चंद्र-पृथ्वी एका रेषेत काढून दाखवणारी मी, माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की उद्या उधाण आहे, पाणी जास्त खेचणार, तळाचा गाळ वर येणार. धड्यातली गोष्ट मी धड्यातच ठेवली होती.

सकाळी धाकट्या भावाचं नाक बंद होतं. गाडीतल्या एसीनं सर्दी झाली होती. बोटीत चढायच्या आधी तो म्हणाला, "ताई, मी राहू देतो, नाक चोंदलंय." मी म्हटलं, "अरे पैसे भरलेत, दहा मिनिटांचं तर काम आहे, आणि आलो कशाला मग इतक्या लांब?" एवढंच. रागावून नाही, प्रेमानंच म्हटलं. तो माझं ऐकतो, लहानपणापासून ऐकतो, आणि हे मला तेव्हाही माहीत होतं.

बोटीवर दोन खुणा शिकवल्या, अंगठा-तर्जनीचा गोल म्हणजे ओके आणि अंगठा वर म्हणजे वर चला. कान दुखत असेल तर तळहात आडवा हलवून कानाकडे बोट करायचं, ही खूण मला नंतर दीड वर्षानं कळली. सर्दी आहे का, कानाचं काही आहे का, कुणी विचारलं नाही. नाक धरून फुंकायला सांगितलं, पण ते दुखायच्या आधी, अगदी पहिल्या हातभर पाण्यापासून करत राहायचं असतं हे नाही सांगितलं. पाणी हिरवट गढूळ होतं. आम्ही दोघं समोरासमोर खाली गेलो, प्रत्येकाला एकेक जण धरून. कॅमेरावाला आला तशी मी हाताचा गोल करून दाखवला, ओके, ओके, दोनदा, हसत. धाकट्यानंही केला. मला वाटलं तो मजेत आहे.

मग त्याचा हात एकदम कानाकडे गेला आणि तो आडवा झाला, पाय वर, जसं माणसाला खाली कुठे आणि वर कुठे तेच कळत नाही. कानाचा पडदा फाटला की गार पाणी आतल्या कानापर्यंत जातं आणि सगळं गरगरतं, हे आज मला माहीत आहे. तेव्हा मला वाटलं पोरगा जातो हातचा. त्याला वर आणलं, मास्कमध्ये रक्त होतं, तो बोटीच्या काठाला धरून ओकत होता. बोटीवरचे म्हणाले, होतं असं पहिल्यांदा. आणि मीही तेच म्हटलं. आईचा फोन आला तर मी सांगितलं, थोडं पाणी गेलंय कानात. त्याच संध्याकाळी घाट चढून कोल्हापूरला आलो. डाइव्हनंतर उंचावर जायलाही थांबावं लागतं, विमानासाठी तर एका डाइव्हनंतर निदान १२ तास आणि रोज डाइव्ह केल्या असतील तर १८, हे नंतर वाचलं. इतक्या उथळ दहा मिनिटांना घाटानं काही झालं नसेल. पण आम्ही विचार करून चढलो नव्हतो, काही माहीतच नव्हतं म्हणून चढलो.

इथे नागपुरात धंतोलीत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे त्याला मी नेलं ते आठ दिवसांनी. डाव्या पडद्याला भोक. दोन महिने कापसाला व्हॅसलीन लावून आंघोळ. भोक बुजलं, पण बारीक आवाज डाव्या कानाला कमी येतात आणि रात्री शिट्टी वाजते म्हणतो. जेवायला बसताना तो आता न बोलता भिंतीकडची जागा धरतो, म्हणजे सगळे उजवीकडे येतात.

त्या पाण्याबद्दल आम्ही पुढे कितीतरी महिन्यांनी बोललो. मी विचारलं, तू ओके कशाला दाखवलंस रे, दुखत होतं तर. तो म्हणाला, "तू समोर करून राहिली होती ना ताई, म्हणून मी पण केलं."

लोक म्हणतात वीस फूट तर होतं. वीस फुटांतच होतं बाई. दर १० मीटरला हवेच्या एका दाबाइतका दाब वाढतो, म्हणजे वरून १० मीटरवर जाताना दाब दुप्पट होतो, आणि पुन्हा दुप्पट व्हायला ३० मीटर गाठावे लागतात. कानाला सगळ्यात जड असतात ते वरचे थोडेसे मीटर. सर्दीत कानाची नळी बंद असली की दीड-दोन मीटरवरच दुखायला लागतं. हे कुठलंही गुपित नाही, पहिल्या धड्यात असतं, मला ते फोन करण्याआधी एका संध्याकाळी कळलं असतं.

म्हणून वही. तिच्यात प्रत्येक जागेपुढे खोली, प्रवाह, बोटीचा वेळ, शिकवणाऱ्या एका माणसामागे किती जण, जवळचा प्रेशर चेंबर (डाइव्हनंतर त्रास झालेल्यावर जिथे दाबाखाली उपचार करतात) कुठे आणि तिथपर्यंत किती तास, आणि तिथी. हो, तिथी. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी कमी खेचतं. पूलमध्ये २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं, जे कोर्सला लागतं, ते माझं झालंय, मागच्या उन्हाळ्यातच.

मग अडलंय कुठे, असं तुम्ही म्हणाल. बहिणीसारखी मैत्रीण तोंडावर म्हणाली, तुला जायचंच नाहीये, तू वहीमागे लपतेस. मला फार लागलं ते, दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. लपत असते तर पहाटे साडेपाचला पूलवर कशाला गेले असते? पण तिला खोटं ठरवायला माझ्याकडे तिकीट नाही, हेही खरं. कधी वाटतं मी हे सगळं त्या एका सकाळसाठी करते आहे, जी आता परत येणार नाही. आणि कधी वाटतं नाही, त्या गढूळ पाण्यात पहिली दोन मिनिटं, धाकट्याकडे बघायच्या आधीची, एक पिवळा-काळा पट्ट्यांचा मासा माझ्या हातासमोर थांबला होता, आणि मला ते पुन्हा हवंय. भावाचा कान गेला त्याच पाण्यातलं मला काही हवं असावं, हे बोलायची लाज वाटते. पण हवंय.

आणि त्यालाही यायचंय. हे तुम्हाला कुणालाच माहीत नाही. मी साफ नाही म्हटलं, तर म्हणाला तेव्हा तू हो म्हटलं म्हणून गेलो, आता तू नाही म्हटलं म्हणून राहू का? मला उत्तर आलं नाही. मागच्या रविवारी घरी आला, वहीतून कोर्सचा मेडिकल फॉर्म काढला, कानाच्या प्रश्नापुढे स्वतःच्या हातानं 'हो' लिहिलं आणि खाली सही केली. 'हो' लिहिलं की डॉक्टरांची सही लागते. ती जागा बोटानं मला दाखवली आणि चहा घेऊन निघून गेला.

धंतोलीतली वेळ मी अजून घेतलेली नाही. फेब्रुवारीतल्या दोन्ही अष्टम्यांना पेन्सिलनं गोल केलाय.