बुधवारी बदक, शुक्रवारी टर्की

2025 मधे थँक्सगिव्हिंगचा (अमेरिकेतला टर्की खायचा सण) गुरुवार आला 27 नोव्हेंबरला, आणि नेमका तोच मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. सासूबाई तेव्हा आमच्याकडे मिनेसोटात होत्या, त्या एरवी सगळं खातात पण मार्गशीर्षातले गुरुवार अजिबात मोडत नाहीत. मी म्हणलं आई तुम्ही घट मांडा, गुरुवारी घरात खीरपुरी, टर्की आपण शुक्रवारी करू. नवरा आधी थोडा हिरमुसला कारण त्याला त्याच दिवशी हवं होतं पण मला मनातून बरंच वाटलं, एक दिवस जास्त मिळाला.

त्याआधीच्या वर्षी मी पहिल्यांदा अख्खी टर्की केली होती आणि ती बिघडली होती. इतकी बिघडली की मुलीने (तेव्हा आठ वर्षांची) दोन घास खाऊन नुसते बटाटे खाल्ले. छातीचं मांस भुश्यासारखं कोरडं आणि मांडीच्या हाडापाशी अजून गुलाबी पाणी. वर ग्रेव्ही खारट. खारट का झाली ते नंतर कळलं, फ्रोजन टर्कीच्या पिशवीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हिच्यात इतके टक्के मिठाचं पाणी भरलेलं आहे, मी ते न वाचता तिला अजून रात्रभर मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवलं होतं. कोणी पहिल्यांदा करणार असाल तर बाकी काही नाही तरी ते लेबल वाचाच.

तर या वेळी सोमवारी संध्याकाळीच 14 पौंडाची टर्की फ्रीजरमधून काढून फ्रिजमधे ठेवली. हिशोब असा की फ्रिजमधे दर चार-पाच पौंडाला एक दिवस लागतो, म्हणजे 14 पौंडाला तीन दिवस धरायचे. ओट्यावर ठेवून वितळवायची नाही, बाहेरचं मांस गरम होऊन खराब व्हायला लागतं आणि आत बर्फ तसाच. अगदी वेळ नसेल तर गार पाण्यात, पौंडाला अर्धा तास, आणि दर अर्ध्या तासाला पाणी बदलायचं. सासूबाई म्हणाल्या नैवेद्याचं दूध आणि हे एका फ्रिजमधे नको गं, तर ती गेली गॅरेजमधल्या जुन्या फ्रिजमधे, सगळ्यात खालच्या खणात, मोठ्या ट्रेमधे.

आणि मंगळवारी संध्याकाळी शेजारचे काका दारात उभे, हातात दोन रानबदकं.

काका सत्तरीचे आहेत, दर वर्षी सीझनमधे बदकाच्या शिकारीला जातात. आम्ही त्यांना दिवाळीचा फराळ देतो, ते उन्हाळ्यात टोमॅटो आणि कधी मासे देतात. पण बदक पहिल्यांदाच. दोन्ही मॅलार्ड जातीचे नर होते, हिरवंगार चमकतं डोकं, गळ्यात पांढरी रेघ, आणि पायाला चिठ्ठी बांधलेली, त्यावर काकांचं नाव-पत्ता, कुठली जात, किती पक्षी, कुठल्या तारखेला मारले आणि सही. म्हणाले घरच्या घरी देताना ही लागतेच असं नाही पण सवय आहे. रानबदक इथे विकत मिळतच नाही, विकायला कायद्याने बंदी आहे, 1918 च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्यापासून. म्हणजे खायचं तर स्वतः मारायचं नाहीतर कोणीतरी प्रेमाने द्यायचं.

मी ती हातात घेतली आणि खरं सांगते मला बोलताच येईना. मी नाशिकची. डिसेंबरातल्या रविवारी बाबा आम्हाला पहाटे नांदूरमध्यमेश्वरला न्यायचे, स्वेटर घालून, धुक्यात, एकच दुर्बीण चौघांत. थापट्या, चक्रवाक, तलवार बदक ही नावं मला शाळेतल्या कवितांच्या आधी पाठ झाली. तिकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने यातल्या कशालाही हात लावता येत नाही आणि ते बरोबरच आहे असं मी आजही मानते. थापट्या आणि तलवार बदक तर इथेही असतात, अगदी तेच पक्षी, फक्त इथे त्यांचा सीझन असतो. हे सगळं मी काकांना जमेल तसं सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही, घरी जाऊन एक जुना अल्बम घेऊन आले. त्यात दर वर्षीचा डक स्टॅम्प चिकटवलेला. 16 वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक बदक शिकाऱ्याला हा स्टॅम्प घ्यावाच लागतो, 1934 पासून, आता 25 डॉलरचा आहे, आणि त्यातले जवळजवळ सगळे पैसे पाणथळ जागा विकत घेऊन राखायला जातात. काका म्हणाले मी पाखरं घेतो आणि तळी राखतो. माझं मन त्याने पूर्ण शांत झालं असं नाही पण बदक मी परत दिलं नाही. मारलेला पक्षी वाया घालवणं मला त्याहून वाईट वाटलं असतं.

पिसं काढायला काकांच्या गॅरेजमधे गेलो. मोठी पिसं हाताने निघतात पण खालची लव काही केल्या निघत नाही, त्यासाठी मेणाची युक्ती आहे, मोठ्या भांड्यात गरम पाणी, वर वितळलेलं पॅराफिन मेण तरंगत असतं, त्यात बदक बुडवायचं, लगेच गार पाण्यात टाकायचं, मेण कडक झालं की सोलून काढायचं, लव सगळी त्याच्याबरोबर येते. उरलेली केसासारखी पिसं छोट्या टॉर्चने भाजून टाकायची. ग्लोव्हज घातलेच होते, बर्ड फ्लूमुळे रानपक्षी साफ करताना ते घालायचा सल्ला आहे. काकांनी बदकाच्या गळ्याजवळची अन्नाची पिशवी कापून दाखवली, आत मक्याचे दाणे! म्हणाले हे शेतातलं बदक आहे, चव चांगली लागणार, जी बदकं खोल पाण्यात बुड्या मारून शिंपले-मासे खातात त्यांना उग्र वास येतो.

मग छर्रे. 1991 पासून अख्ख्या अमेरिकेत पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे मारायला बंदी आहे म्हणून हल्ली बहुतेक स्टीलचे असतात, आणि स्टील म्हणलं की मॅग्नेट. मुलीने आमच्या फ्रिजवरचं मॅग्नेट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मांसावरून फिरवलं, तीन सापडले. जिथे छर्रा घुसतो तिथे पीसही आत ओढलं जातं, ते भोक नीट बघून सुरीच्या टोकाने साफ करायचं. तरीसुद्धा खाताना जपून चावायचं, एखादा राहतोच.

मी काकांना विचारलं ओव्हनमधे अख्खं किती वेळ ठेवू, तर ते एकदम म्हणाले अख्खं करूच नको. छाती वेगळी काढ, पाय वेगळे काढ, या दोघांचं एकमेकांशी पटत नाही. हे वाक्य मला इतकं पटलं की माझी आधीच्या वर्षीची टर्की डोळ्यासमोर आली. रानबदक हजारो मैल उडतं, छातीच्या स्नायूला सतत काम, म्हणून ते मांस कोंबडीसारखं पांढरं नसतं, जवळजवळ मटणासारखं लालकाळं असतं, आणि चरबी अगदी कमी. जास्त शिजवलं की कलेजीसारखं लागतं. पाय मात्र चिवट, त्यांना वेळच द्यावा लागतो. साफ केल्यावर एकेक बदक जेमतेम दीड पौंड भरलं.

रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवून बुधवारी केलं. चारही पाय, पंख आणि पाठीचं हाड यांचा रस्सा, कांदा-खोबरं चांगलं काळपट भाजून वाटण, आईने पाठवलेला काळा मसाला, आणि कुकर न लावता जाड बुडाच्या पातेल्यात मंद गॅसवर दोन तास. दीड तासापर्यंत मांस हाडाला घट्ट धरून होतं, मला वाटलं होत नाही बहुतेक, आणि मग शेवटच्या अर्ध्या तासात एकदम मऊ पडलं. छातीचे तुकडे कोरडे पुसून, कातडीवर हलक्या चिरा देऊन, बिडाच्या तव्यावर कातडीची बाजू खाली, चार मिनिटं, उलटून दोन मिनिटं, मग पाच मिनिटं नुसतं ठेवून द्यायचं. सरकारी सल्ला सगळ्या पक्ष्यांना 165 डिग्री फॅरनहाइटचा आहे. काका 135 ला काढतात, आत गुलाबी. मी आणि नवऱ्याने काकांसारखं खाल्लं, तो आमचा निर्णय, पण मुलगी आणि सासूबाई यांचे तुकडे मी रस्श्यात सोडून पूर्ण शिजवले. बरोबर वाइल्ड राइस, जो इथल्या ओजिब्वे या मूळ रहिवासी लोकांचा मनोमिन, तळ्यातलं गवत आहे ते, कॅनोत बसून लाकडी दांड्यांनी झोडपून दाणे होडीत पाडतात. धुरकट, गवताळ वास असतो त्याला, बदकाबरोबर फार जुळतो, दोघंही त्याच पाण्यातले. आणि रस्श्याबरोबर बाजरीची भाकरी. सासूबाईंनी आधी नुसता रस्सा चाखला, मग म्हणाल्या गावठी कोंबड्याच्या वरचढ आहे गं हे, आणि दुसरी भाकरी घेतली. जेवायला काकाही होते, त्यांना घाम फुटला होता तरी वाटी पुढे करत होते.

गुरुवारी पूजा, खीरपुरी, आराम. फक्त रात्री जेवणं झाल्यावर गॅरेजमधे जाऊन टर्की फोडली. हो, टर्कीलाही मी काकांचंच वाक्य लावलं. अख्खी सोनेरी टर्की टेबलावर आणायचा नवऱ्याचा फार आग्रह होता पण मी ऐकलं नाही. पाय मांडीसकट वेगळे, छाती हाडासकट एक तुकडा, पाठ आणि मान स्टॉकसाठी. पोटातली कलेजी-पेट्याची पिशवी आठवणीने काढायची, मानेच्या बाजूलाही एक असू शकते. धुवायची नाही, पाणी उडून जंतू सिंकभर पसरतात, नुसती कागदाने पुसायची. या वेळी मिठाचं पाणी न भरलेली मुद्दाम शोधून आणली होती म्हणून पौंडाला अर्धा चमचा मीठ चोळून रात्रभर उघडीच फ्रिजमधे ठेवली, कातडी कोरडी झाली की कुरकुरीत होते.

शुक्रवारी दोन ट्रे, ओव्हन 350 फॅरनहाइटला, कातडीखाली लोणी, लसूण आणि सेज नावाचा सुवासिक पाला. थर्मामीटर छातीच्या जाड भागात, हाडाला न लावता. साधारण पावणेदोन तासांनी छाती 160 झाली ती काढली, झाकून ठेवल्यावर 165 पर्यंत आपोआप चढली. पाय अजून वीस मिनिटं, 180 पर्यंत, कारण मांडी 165 ला सुरक्षित असली तरी चिवटच लागते. कापताना छातीतून रस ताटात आला तेव्हा मी नवऱ्याला हाक मारून दाखवला.

मुलीने तीनदा घेतलं. बटाटे उरले.

हाडांचा स्टॉक शनिवारी केला, टर्कीचा वेगळा आणि बदकाच्या हाडांचा वेगळा, एकत्र करू नका, बदक सगळं दाबून टाकतं. बदकाचा जेमतेम दोन वाट्या निघाला, तो फ्रीजरमधे ठेवलाय, त्यात पुढच्या वेळी मनोमिन शिजवणार आहे.