उंचीची मर्यादा वाढवली, तरी घरं का वाढत नाहीत?

इमारतींची उंची वाढवू दिली की घरं वाढतील असं म्हणणारे आणि उंची वाढली की गर्दी होईल म्हणून विरोध करणारे, दोघंही एकाच आकड्याकडे बघत असतात. प्रत्यक्ष भूखंडावर पाच-सहा बंधनं एकाच वेळी लागू असतात: उंची, एफएसआय (भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा), सामासिक अंतरं (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा), पार्किंग, अग्निसुरक्षा. त्यातलं जे आधी आडवं येतं, ते घरांची संख्या ठरवतं. बाकीची त्या भूखंडापुरती कागदावरच राहतात.

एक भूखंड घेऊन गणितच करू. ३० मीटर रुंद, ४० मीटर खोल, म्हणजे १,२०० चौरस मीटर. एफएसआय २.५, म्हणजे ३,००० चौरस मीटर बांधकामाला परवानगी. समोर ६ मीटर आणि बाकी तिन्ही बाजूंनी ४ मीटर सोडले की २२ गुणिले ३० म्हणजे ६६० चौरस मीटर उरतात. डक्ट, उजेडासाठीच्या खाचा वगळल्या की एका मजल्यावर साधारण ६०० चौरस मीटर बांधता येतात. उंचीची मर्यादा १५ मीटर धरू.

खाली पार्किंगचा स्टिल्ट, म्हणजे खांबांवरचा मोकळा तळमजला, जमिनीपासून त्याच्या स्लॅबच्या माथ्यापर्यंत ३.२ मीटर. वर प्रत्येकी ३ मीटरचे चार मजले घेतले तर उंची भरते १५.२ मीटर. वीस सेंटिमीटर जास्त! नियम अक्षरशः लावला तर चौथा मजला गेला. तीन मजल्यांचे १,८०० चौरस मीटर. सरासरी ७५ चौरस मीटरला एक घर धरलं तर २४ घरं. चौथा मजला बसला असता तर ३२ झाली असती. एफएसआयमधले १,२०० चौरस मीटर वापरताच येत नाहीत.

मग आर्किटेक्ट मजल्याची उंची २.९५ वर आणतो आणि आराखडा बरोबर १५.० मीटरमध्ये बसवतो. कागदावर फरक फक्त पाच सेंटिमीटरचा. पण १५ सेंटिमीटरचा स्लॅब आणि ५ सेंटिमीटर फरशी-मसाला वजा केला की खोलीत २.७५ मीटर उरतात आणि ४५ सेंटिमीटरच्या बीमखाली २.४५. राहायला हरकत नाही, पण बांधकामात कुठेही चूक करायला जागा नाही. प्रत्येक मजल्याला स्लॅब एक सेंटिमीटर जाड पडला, तरी वरपर्यंत चार सेंटिमीटर चढतात आणि भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी मोजणीत अडकतात.

त्यातही मोजायचं कुठून, हा प्रश्न असतोच. रस्त्याच्या पातळीपासून, भूखंडाच्या सरासरी पातळीपासून की सर्वांत खालच्या कोपऱ्यापासून? ४० मीटर खोलीच्या भूखंडाला चाळीसास एक एवढा साधा उतार असला, तरी पुढच्या आणि मागच्या टोकात एक मीटरचा फरक पडतो. खालच्या टोकापासून मोजलं तर पुन्हा एक मजला गेला. पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, कठडा हे उंचीत धरायचे की नाही, तेही नियमावलीत आधी बघून घ्यावं.

आता उंचीची मर्यादा २४ मीटर केली असं समजू. ३,००० भागिले ६०० म्हणजे पाच मजले, उंची १८.२ मीटर. इथे एफएसआय संपला. वरचे जवळजवळ सहा मीटर कुणाच्याच उपयोगाचे नाहीत. घरं झाली ४०. एका घराला एक गाडी सक्तीची असेल, तर रॅम्प आणि वळायची जागा धरून गाडीमागे साधारण २८ चौरस मीटर लागतात, म्हणजे १,१२० चौरस मीटर. स्टिल्टच्या ६०० मध्ये जेमतेम एकवीस गाड्या मावतात. मोकळ्या अंतरांत अग्निशमन गाडीचा मार्ग सोडल्यावर फारसं काही उरत नाही, म्हणून तळघर खोदावं लागतं. तिथे खर्च चढतो, आणि पाचवा मजला विकून तो निघत नसेल तर बिल्डर चारच मजले बांधतो. उंचीच्या नियमाचं नाव होतं, प्रत्यक्षात अडवणूक पार्किंगच्या तक्त्याने केलेली असते.

सामासिक अंतर उंचीशी बांधलेलं असेल तर आणखी गंमत. समजा चारही बाजूंनी उंचीच्या एक तृतीयांश अंतर सोडायचं आहे, समोर किमान ६ मीटर. पाच मजल्यांना, म्हणजे १८.२ मीटरला, ६.०७ मीटर सोडावे लागतात. मजला आक्रसून साधारण ४५० चौरस मीटर होतो आणि एकूण बांधकाम सुमारे २,२६०. सात मजले केले तर उंची २४.२, अंतर ८.०७, मजला ३०० चौरस मीटर आणि एकूण सुमारे २,११०. म्हणजे दोन मजले वर चढून बांधकाम कमी झालं. अशा भूखंडावर पाच मजल्यांच्या पुढे उंचीची मर्यादा पूर्ण उठवली तरी एकही घर वाढणार नाही.

अग्निसुरक्षेच्या नियमांत उंचीच्या पायऱ्या असतात. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेत १५ मीटर आणि त्याहून उंच इमारत ‘हायराइज’ ठरते. जर्मनीत सर्वांत वरच्या वापरातल्या मजल्याची जमीन २२ मीटरच्या वर गेली की, आणि अमेरिकेतल्या आदर्श संहितेत ७५ फुटांच्या वर गेली की. पायरी ओलांडली की जास्तीचे जिने, अग्निशमन लिफ्ट, पंप, मोठ्या टाक्या असं बरंच काही मागे लागतं. दुसऱ्या जिन्याला मजल्यावर १५-२० चौरस मीटर गेले तर ६०० च्या मजल्यावर ते खपून जातात, ३०० च्या मजल्यावर जवळजवळ सात टक्क्यांपर्यंत जागा खातात. म्हणून पायरीच्या जेमतेम वर जाणारी इमारत सहसा कुणी बांधत नाही. एक तर खाली थांबतात, नाही तर खर्च वाटला जाईल इतके वर जातात. हे नियम जिवासाठी आहेत, ते सैल करा असं कुणी म्हणू नये. पण नगररचनेची मर्यादा या पायरीच्या एक-दोन मीटर वर आणून ठेवली, तर ती वाढ वाया जाते.

वॉशिंग्टनचं उदाहरण नेहमी दिलं जातं. कॅपिटॉलचा, म्हणजे अमेरिकी संसदेच्या इमारतीचा, घुमट झाकला जाऊ नये म्हणून तिथे मर्यादा आली, असं सांगतात. खरं निमित्त होतं १८९४ मध्ये उभी राहिलेली १६४ फुटांची केअरो ही निवासी इमारत. १९१० चा कायदा साधा आहे: समोरच्या रस्त्याची रुंदी अधिक २० फूट, बहुतेक व्यापारी रस्त्यांवर कमाल १३० फूट. म्हणून मध्यवर्ती भागात एकाच उंचीच्या, हद्दीपर्यंत भरलेल्या चौकोनी इमारती दिसतात आणि नदीपलीकडे, जिथे हा कायदा लागू नाही, त्या रॉस्लिनमध्ये टॉवर उभे राहतात. याउलट पॅरिसमध्ये १९७७ पासून बहुतेक शहराला ३७ मीटरची मर्यादा होती. नंतर ती काही ठिकाणी सैल झाली आणि २०२३ मध्ये पुन्हा आणली गेली. तरीही पॅरिसची घनता चौरस किलोमीटरला २०,००० माणसांच्या आसपास आहे. सहा-सात मजली इमारती, बाजूला अंतर न सोडता भिंतीला भिंत, आत चौक. तिथे सामासिक अंतर जवळपास नसल्यामुळे कमी उंचीतही मजले भरघोस मिळतात.

गर्दीच्या आक्षेपाबद्दल एकच सांगतो. माणसं मजल्यांत नव्हे, चौरस मीटरमध्ये मोजावी लागतात. बांधकाम दुप्पट झालं आणि माणशी जागाही १० वरून २० चौरस मीटर झाली, तर रहिवासी तेवढेच राहतात. पाण्याची मागणी माणसांवर ठरते.

वाढ किती भागात द्यायची, हा निर्णय मात्र उंचीच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचा. दोन-चार मोजक्या रस्त्यांवरच मर्यादा उठवली तर तिथले जमीनमालक पुढचा सगळा फायदा जमिनीच्या भावात धरून बसतात आणि व्यवहारच होत नाहीत. ऑकलंडने २०१६ च्या आराखड्यात निवासी जमिनीच्या जवळपास तीन-चतुर्थांश भागावर जास्त घरं बांधायला मुभा दिली. तिथे विकासकाला एका मालकाने अडवलं तर शेजारच्या गल्लीत दुसरा मिळतो. नंतर तिथली बांधकाम परवान्यांची संख्या ठळकपणे वाढली, आणि त्यात मोठा वाटा टॉवरचा नव्हता, टाउनहाउससारख्या जोडघरांचा होता.

म्हणून विकास आराखड्याच्या मसुद्यावर हरकत किंवा सूचना नोंदवताना उंचीच्या आकड्यावर भांडत बसू नये. शहरातले नेहमीच्या मापांचे आठ-दहा भूखंड निवडून प्रत्येकावर उंची, एफएसआय, अंतरं, पार्किंग आणि अग्निसुरक्षा एकत्र लावून किती घरं बसतात, याचा तक्ता मागावा. त्यात आधी कोणतं बंधन आडवं आलं, याचा वेगळा रकाना हवा. मीटरची मर्यादा मजल्यांच्या पटीत बसते का, तेही त्यातच कळतं: स्टिल्ट अधिक चार मजल्यांना १५ ऐवजी १५.५ मीटर लिहिलं, तर वरच्या उदाहरणातली चौथ्या मजल्यावरची आठ घरं मजल्याची उंची न आवळताही बसतात. मात्र अग्निसुरक्षेची १५ मीटरची पायरी तिथे लागते, तिचा खर्चही त्याच तक्त्यात धरायला हवा.